अक्कांच्या किल्लीची मुदत

आमच्या ऑफिसात मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की वायरवाली. मला दोन्ही चालतं. धाराशिवातल्या एका दूध कंपनीचं सगळं नेटवर्क मी एकटी सांभाळते. मुख्य ऑफिस, त्याच्या मागचा प्लांट आणि जिल्हाभर पसरलेली दूध थंड करायची केंद्रं, ज्यांना आम्ही नुसतं चिलिंग म्हणतो, हे सगळं ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतं त्या तारा माझ्या ताब्यात आहेत. सर्व्हरची खोली पूर्वी तुपाचे डबे ठेवायची होती. उन्हाळ्यात एसी बंद पडला की तिथं अजून तुपाचा वास सुटतो.

मी नोकरीला लागले तेव्हा या ऑफिसचा पासवर्ड फळ्यावर खडूनं लिहिलेला होता. अख्ख्या कंपनीला मिळून एक. ड्रायव्हर लोकांनाही तो पाठ होता. शिवाय बाहेरून सर्व्हरवर यायला एक दार सताड उघडं होतं, का तर माझ्या आधीच्या माणसाला घरून काम करायला सोपं पडायचं. पहिल्याच आठवड्यात मी फळा पुसला आणि ते दार बंद केलं. लोक माझ्यावर जाम चिडले. आपल्याच माणसांपासून काय लपवायचं, असं मला इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. पुढची दहा वर्षं बाहेरून आत यायला आमच्याकडं एकही वाट नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

म्हणून त्या दिवशी अप्पांच्या केबिनमध्ये मी जे बोलले ते ऐकून पहिल्यांदा मीच दचकले.

अप्पा म्हणजे कंपनीचे मालक. खूश असले की मला ‘तू’ म्हणतात, रागावले की ‘तुम्ही’. सकाळी कुठला शब्द येतो त्यावरून मी दिवसाचं हवामान ओळखते. त्यांच्यासमोर अक्का बसल्या होत्या. अक्का आमच्या कंपनीचे टँकर लावतात. पहाटे साडेपाचला स्क्रीनसमोर बसायचं, कुठल्या चिलिंगला किती दूध जमलं आणि ते किती थंड झालं ते बघायचं, आणि बारा टँकरना रस्ते नेमून द्यायचे. शेवटचा टँकर साडेआठच्या आत फाटकाबाहेर पडला पाहिजे, नाहीतर लांबच्या चिलिंगवरच्या टाक्या भरून दूध घ्यायची पंचाईत होते. अकरा वर्षांत अक्कांमुळं असं एकदाही झालं नव्हतं.

अक्का अणदूरच्या. नवरा एसटीत कंडक्टर, त्यामुळं दोघं धाराशिवात भाड्यानं राहायचे आणि सासूबाई गावी. त्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गाव सोडून शहरात यायला त्या खुणेनंही तयार होईनात. म्हणजे आता अक्कांनी अणदूरला राहायचं, आणि तिथून पहाटे साडेपाचला धाराशिवात पोचवणारी गाडी नाही.

अप्पा वाईट माणूस नाहीत. पंधरा दिवस त्यांनी ऑफिसातल्या पोरांकडून टँकर लावून घेत कसेबसे काढले होते. “अक्का, तुमची अडचण मला कळतीय,” ते म्हणाले, “पण टँकर घरी बसून लागत न्हाईत. एक तारखेपासून मी दुसरा माणूस बसवतो.”

समोरचा पाण्याचा ग्लास अक्कांनी थोडा सरकवला आणि परत होता तिथं ठेवला. बारावीपर्यंत शिकलेली बाई, चाळिशीत कॉम्प्युटर शिकलेली. ती खुर्ची गेली असती तर दुसरी कुणी दिली नसती, हे त्या केबिनमधल्या तिघांनाही माहीत होतं. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की माझा आवाज चढतो.

“लागतात घरून टँकर,” मी म्हणाले. “मी वाट करून देते.”

अप्पा माझ्याकडं वळले. “मॅडम, ज्यांनी दहा वर्षं मला माझ्याच घरून माझं ऑफिस बघू दिलं न्हाय, त्या तुम्हीच ना?”

‘तुम्ही’ आलं होतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांना व्हीपीएन समजावून सांगितलं. दार उघडं टाकायचं नाही. अक्कांच्या लॅपटॉपपासून आपल्या फायरवॉलपर्यंत, म्हणजे ऑफिसच्या वेशीवरच्या पहारेकऱ्यापर्यंत, एक बंदिस्त वाट तयार करायची, जिच्यात मधे कुणालाही डोकावता येत नाही. वाटेच्या तोंडाशी तीन गोष्टी विचारल्या जातात: लॅपटॉपमध्ये मी घातलेली किल्ली, म्हणजे एक छोटी फाइल, अक्कांचा पासवर्ड, आणि त्यांच्या फोनवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा आकडा. तिन्ही बरोबर निघाले तरी आत फक्त टँकरचा सर्व्हर दिसणार. बाकी कंपनी भिंतीआड.

अप्पांना ते कळलं, पण पटलं नाही. “ऑफिस इथं आणि काम करणारं माणूस तिथं. एक गोष्ट दोन ठिकाणी कशी असंल?”

तेव्हा अक्का पहिल्यांदा बोलल्या. “आमचा देव नसतो का, अप्पा?”

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले काही आठवडे देव नळदुर्गाला असतो, बाकी अणदूरला. पण तो असाच उठून जात नाही. दोन्ही गावची मानकरी मंडळी बसतात, कधी न्यायचा आणि कधी परत आणायचा ते लिहून काढतात, सह्या करतात, मग देव हलतो. अप्पांच्या घरचं कुलदैवत खंडोबाच. ते हे सगळं जाणून होते, फक्त कुणी ते असं पुढ्यात मांडलं नव्हतं.

“मग करार करा,” अप्पा हसत म्हणाले. हसू गेलं तेव्हा त्यांनी अटी घातल्या. आठ दिवस बघायचं. आठ दिवसांत एक जरी टँकर साडेआठच्या पुढं गेला, किंवा त्या वाटेनं अक्कांशिवाय दुसरं कुणी आत आलं, तर वाट बंद आणि खुर्चीवर दुसरा माणूस.

करार मीच टाइप केला. आत कोण येणार, कधी येणार, काय बघणार, किल्ली कुणाला द्यायची नाही. देवाच्या कराराप्रमाणं शेवटी एक रकाना केला: परत कधी. अक्का एकेक ओळ वाचत भरत गेल्या आणि त्या रकान्यापाशी त्यांचा पेन थांबला. मला आधी कळलंच नाही की हा एवढा साधा रकाना का अडलाय. मग कळलं. अक्का ऑफिसात कधी परत येणार याची तारीख लिहायची म्हणजे सासूबाई कधी जाणार याची तारीख लिहायची. माझ्याच हातानं मी ते टाइप केलं होतं, आणि मला माझीच लाज वाटली.

“ते मोकळं ऱ्हाऊ द्या,” अप्पा म्हणाले.

“पण किल्लीला मुदत घालावीच लागते,” मी म्हणाले. खरंच लागते. शेवटची तारीख लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर ती फाइल बनवतच नाही. “मी एक वर्ष टाकते. माझ्याकडं एका वर्षापेक्षा जास्त कुणालाच मिळत नाही. वर्ष संपलं की समोरासमोर बसून पुन्हा काढायची.” अक्कांनी मान हलवली आणि सही केली. कागद मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

दोन दिवसांत माझ्या बाजूचं काम झालं. फायरवॉलवर नवा दरवाजा, अक्कांचं स्वतंत्र नाव, टँकरच्या सर्व्हरपुरती परवानगी, आणि आत कोण कधी कुठून आलं याची नोंद ठेवणारी वही, म्हणजे लॉग. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी एसटीनं अणदूरला गेले.

अक्कांचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. जाड दगडी भिंतींचं, त्यामुळं फोनची रेंज बोलण्यापुरती येते आणि इंटरनेट म्हटलं की गायब. गावातल्या केबलवाल्याकडून मी आधीच ब्रॉडबँड घ्यायला लावलं होतं. सासूबाई, ज्यांना त्या कन्नड बोलणाऱ्या घरात सगळे अव्वा म्हणतात, मधल्या खोलीत खाटेवर होत्या. अंगाखाली हवेची गादी होती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून विजेवर फुगत-बसत राहणारी. अक्कांनी टेबल असं लावलं होतं की मान वळवली की स्क्रीन आणि सरळ केली की अव्वा. टेबलाशेजारी इन्व्हर्टर. मी सगळं तपासलं, किल्ली घातली, पासवर्ड घातला, फोनवरचा आकडा घातला. व्हीपीएन पहिल्या झटक्यात लागलं. आणि टँकरची यादी काही केल्या येईना.

अर्धा तास मी त्या लॅपटॉपशी भांडले. अक्कांनी दोनदा चहा आणला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण दुसऱ्या वेळी त्या चहा ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला घराला असतो तसा नंबर असतो. अक्कांच्या घरातल्या टीव्हीच्या डब्याला राउटरनं जो नंबर दिला होता, नेमका तोच आमच्या टँकरच्या सर्व्हरचा होता. लॅपटॉप बिचारा इमानदारीनं टँकरची यादी टीव्हीकडं मागत होता. मी अक्कांच्या घरातले सगळे नंबर बदलले, आणि यादी धाडकन समोर आली. तेरखेडा, वाशी, येरमाळा, जिल्ह्यातल्या सगळ्या चिलिंगची नावं, सगळे आकडे. अक्कांनी खुर्चीत बसून एका टँकरचा रस्ता बदलला. “हा काल चुकीचा लावला होता ऑफिसातल्या पोरांनी,” म्हणाल्या.

जाताना मी त्यांना किल्लीची फाइल दाखवली आणि ती लॅपटॉपमध्ये कुठं ठेवलीय तेही सांगितलं. हे सांगायची काहीच गरज नव्हती. कॉलर ताठ असली की मी जास्त बोलते.

पहिले चार दिवस मी रोज पहाटे साडेपाचला ऑफिसात यायची, नुसती लॉग बघायला. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी अक्का आत यायच्या. आठच्या सुमाराला शेवटचा टँकर फाटकाबाहेर. अप्पा सातला यायचे, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघायचे आणि ‘चालू दे’ म्हणायचे. चौथ्या दिवशी ते मला ‘तू’ म्हणाले. मी मनातल्या मनात अप्पांच्या घरासाठीही एक किल्ली काढायला घेतली होती.

पाचव्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी अक्कांचं नाव लॉगमधून गेलं. तीन मिनिटांनी परत आलं. पण अणदूरहून नाही. आलं होतं वाशीच्या चिलिंगवरून. तिथली दुधाचे आकडे पाठवण्यापुरती लाइन मीच टाकलेली, तिचा नंबर मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. किल्ली बरोबर, पासवर्ड बरोबर, फोनवरचा आकडाही बरोबर. माणूस चुकीचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं काही न बघता मी अक्कांचं नाव बंद केलं आणि फोन लावला.

“अक्का, किल्ली वाशीला कशी गेली?”

“मीच पाठवली पहिल्या दिवशी. भाऊंना. व्हॉट्सॲपवर.” भाऊ म्हणजे वाशीच्या चिलिंगचे इनचार्ज. अक्का दर वर्षी त्यांना राखी बांधतात. “वेळ-अवेळेला आपलं एक माणूस असावं म्हणून. घराची किल्ली न्हाय का आपण शेजारी ठेवत?”

“आणि आत्ताच का?”

“लाईट गेली पहाटं चारला. इन्व्हर्टरची बॅटरी बसत आली. एक तर नेटचा डबा चालंल न्हायतर अव्वाची गादी. मी डबा काढला. भाऊंना फोनवर पासवर्ड सांगितला, आकडा वाचून दाखवला. म्हटलं, एवढे टँकर लावा, मी सांगते तसे.”

“मला का नाही सांगितलं? मी इथंच बसलीय ना!”

“तुला सांगितलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस.”

ते खरं होतं. दहा वर्षं मी सगळ्यांना नाहीच म्हणत आले होते. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. किल्ली लॅपटॉपमधून उचलून दुसरीकडं पाठवताच येऊ नये अशी कुलूपबंद करून ठेवायची सोय असते. ते माझं काम होतं. मी फाइल उघडी ठेवली, वर ती कुठं आहे ते मोठ्या तोऱ्यात दाखवून आले. घरात किल्ली आहे म्हटल्यावर अक्कांनी तिचं तेच केलं जे आमच्याकडं कुणीही करेल. विश्वासाच्या माणसाकडं एक दिली.

साडेसहा होत आले होते. एकही टँकर लागला नव्हता. खाली ड्रायव्हर चहा संपवून वर खिडकीकडं बघत होते. आता अक्कांचं नाव मी पुन्हा चालू केलं तर वाशीहून दुसरा माणूस पुन्हा आत येणार, म्हणजे अट पुन्हा मोडणार. नाही केलं तर टँकर उशिरा जाणार, म्हणजेही अट मोडणार.

मी उठले आणि अक्कांच्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या नावानं, माझ्या पासवर्डानं सर्व्हरवर गेले. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. फोन स्पीकरवर टाकला. “अक्का, सांगा. मी लावते.”

“सगळ्यात आधी तेरखेडा.”

“तिथं तर अजून दूध कमी दाखवतंय.”

“दाखवू दे. फटाक्याच्या कारखान्यावर जाणाऱ्या बाया असतात तिथं. कामावर जायच्या आधी दूध घालून जातात. टँकर पोचंस्तोवर टाकी भरलेली असती. बारा हजार लिटरचा पाठव.”

मी पाठवला. “आता वाशी.”

“आज वाशीचा बाजार हाय. आठनंतर चिलिंगच्या रस्त्यावर टँकर वळत न्हाय. वाशीचा आताच काढ आणि येताना येरमाळा घ्यायला सांग, जाताना नको.”

असं एकेक करत त्या सांगत गेल्या आणि मी लावत गेले. कुठल्या ड्रायव्हरला कुठला उतार जमत नाही. कुठल्या चिलिंगचा तापमानाचा काटा दोन अंशांनी खोटं बोलतो. कुठल्या गावात आज लग्न आहे म्हणून दूध निम्मंच येणार. यातलं एक अक्षरही माझ्या सर्व्हरमध्ये नव्हतं. दहा वर्षं मी ज्या यंत्राभोवती भिंती बांधत होते त्याच्यात नुसते आकडे होते. मधेच फोनवर अव्वांच्या कण्हण्याचा आवाज यायचा, अक्का कन्नडमध्ये हळूच काहीतरी बोलायच्या आणि पुढचा टँकर सांगायच्या. माझे डोळे भरून आले, पण हात चालू ठेवले, कारण घड्याळही चालू होतं.

शेवटचा टँकर आठ वाजून बावीस मिनिटांनी फाटकाबाहेर पडला. मी मागं वळले तर दारात अप्पा उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

“तुम्ही ह्या खुर्चीत कशा, मॅडम?”

मला झाकपाक करता आली असती. वाशीची ती एक ओळ मी कुणाला दाखवली नसती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. लॉग वाचणारी मी एकटीच. पण मी जर ती ओळ पुसली तर मग फळ्यावरचा पासवर्डच काय वाईट होता? मी सगळं सांगितलं. लाईट, गादी, भाऊ, किल्ली. आणि किल्ली बाहेर जाऊ शकली ती माझ्या चुकीमुळं, हेही. फोन चालूच होता, तिकडं अक्का ऐकत होत्या.

“म्हणजे करार मोडला,” अप्पा म्हणाले.

“मोडला,” मी म्हणाले. “पण टँकर एकही उशिरा गेला नाही.”

“अट दोन्हीची होती.”

तेवढ्यात फोनमधून अक्कांचा आवाज आला. अगदी शांत. “अप्पा, एक विचारू? आमच्या देवाच्या करारावर सह्या कुणाकुणाच्या असतात?”

“दोन्ही गावच्या,” अप्पा म्हणाले.

“आपल्या कागदावर माझी एकटीची हाय. मी काय करायचं न्हाय ते सगळं लिहिलंय. ऑफिसनं काय करायचं ते कुठं लिहिलंय? बॅटरी बसली तर कुणाला विचारायचं, ते कुठं लिहिलंय?”

मी ड्रॉवर उघडला, तो कागद काढून अप्पांसमोर ठेवला आणि पेन ठेवला. ते बराच वेळ वाचत होते. मग टेबलाच्या कडेवर टेकून त्यांनी स्वतःच्या अक्षरात खाली लिहायला सुरुवात केली. कंपनी अणदूरच्या घरी मोठी बॅटरी बसवेल. अक्कांना अडचण आली तर वाशीचे इनचार्ज स्वतःच्या नावानं, स्वतःच्या किल्लीनं काम करतील, आणि त्यांची वाट अक्कांनी मला फोन केल्याशिवाय उघडणार नाही. हे शेवटचं मी सांगितलं. लिहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “जमंल का तुला एवढं?”

‘तू’ आलं होतं. “जमेल,” मी म्हणाले.

“मग उरलेले तीन दिवस कशाला मोजायचे,” असं म्हणून त्यांनी सही केली. फोनवर अक्का रडत होत्या. दहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना ऐकलं.

त्याच आठवड्यात मी पुन्हा अणदूरला गेले. या वेळी किल्ली एका छोट्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूत नेली. तिच्यातून किल्ली बाहेर काढताच येत नाही, खुद्द मलाही नाही. भाऊंची वेगळी केली. अप्पांच्या घरची अजून केलेली नाही; ते मागतात आणि मी बघू म्हणते. भाऊंची वाट वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी उघडते, तेव्हा आधी अक्कांचा मला फोन येतो. आता त्या सांगतात, कारण आता मी नाही म्हणत नाही. आधी का म्हणून विचारते.

किल्लीची मुदत वर्षाची. ती समोरासमोर बसूनच वाढवायची हा माझा नियम, म्हणून वर्षातून एकदा माझी अणदूरची फेरी ठरलेली. पहिल्या वर्षी गेले तेव्हा अव्वा नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांची वाचा थोडी परत आली होती, डाव्या हातानं त्यांनी मला बस म्हणून खुणावलं. कराराच्या कागदावरचा शेवटचा रकाना अजून मोकळाच आहे. त्याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी तिसऱ्यांदा गेले. लॅपटॉप घेऊन खाटेजवळच बसले. तारखेचा चौकोन समोर आला तेव्हा अव्वांनी मान थोडी उचलली आणि मला विचारलं, “एष्टु दिन?”

किती दिवस, एवढं कन्नड मलाही कळतं. “एक वर्ष, अव्वा,” मी म्हणाले.

त्यांनी थोडा विचार केला. एकेक शब्द ओढून काढावा तशा बोलल्या. “कम्मी झालं. दोन टाक.”

अक्का ओशाळून हसल्या. “अव्वा, तसं चालत न्हाय. एका वर्षाच्या वर कुणालाच मिळत न्हाय, त्यांचा नियम हाय.”

नियम माझाच होता. मी दोन टाकले.